वळवाच्या आधी
पुण्याच्या रस्त्यांवरची धूळ नदीत जाऊ नये यासाठी सुरू होत असलेल्या चळवळीचा जाहीरनामा

पुण्याच्या नद्यांसाठी आजवर जे काही झाले, ते बहुतेक सगळे मैलापाण्यासाठी झाले. वाहिन्या टाकल्या गेल्या, पंपिंग स्टेशने आली, शुद्धीकरण केंद्रे बांधली गेली, जपानच्या कर्जातून आणखी ११ केंद्रांची योजना आखली गेली. हे काम पूर्ण व्हावे असा आग्रह आम्हीही धरू. पण उद्या या शहरातले सगळे मैलापाणी शुद्ध होऊ लागले तरी एक प्रवाह मुळा-मुठेत जसाच्या तसा उतरत राहील. त्याच्या वाटेवर कुठलेही केंद्र नाही. तो रस्त्यावरून येतो, पावसाळी गटाराच्या जाळीतून खाली जातो, ओढ्याला मिळतो आणि काही वेळातच नदीत पोचतो.

ही चळवळ त्या प्रवाहासाठी आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे: पावसाळा संपल्यापासून रस्त्याच्या कडेला साचत गेलेली बारीक धूळ वळवाच्या पहिल्या सरीआधी, कोरडी असतानाच उचलली गेली पाहिजे. एकदा ती पाण्यात गेली की परत गोळा करण्याची सोय या शहरात कुणाकडेही नाही.

धूळ म्हटले की माती डोळ्यांपुढे येते. रस्त्याच्या धुळीत माती असतेच: टेकड्यांच्या उतारावरून आलेली, खोदकामातून उडालेली, डंपरमधून सांडलेली. पण तिच्यात आपल्या गाड्याही असतात. टायरचे नक्षीकाम झिजून गुळगुळीत होते, तेव्हा तेवढे रबर रस्त्यावर राहिलेले असते. रबर पक्के करण्यासाठी त्यात जस्ताचा ऑक्साइड घालतात, म्हणून झिजलेल्या रबराबरोबर जस्तही रस्त्यावर उतरते. ब्रेक दाबला की पॅडमधून तांबे, अँटिमनी, बेरियम यांची पूड निघते. सिग्नलच्या अलीकडे, गतिरोधकापाशी, घाटाच्या आणि पुलाच्या उतारावर ती जास्त पडते. त्यात इंजिनातून टपकलेले ऑइल मिसळते, डिझेलची काजळी मिसळते आणि त्या काजळीबरोबर पॉलिसायक्लिक अरोमॅटिक हायड्रोकार्बन या गटातली संयुगे येतात. त्यांतली काही कर्करोगाला कारण ठरतात. शिसेयुक्त पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झाले, पण शिसे हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, विघटित होत नाही. जुन्या रस्त्यांच्या कडेच्या मातीत ते पडून राहते आणि कुणी केबलसाठी चर खोदला की पुन्हा धुळीत येते.

विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या की हा प्रश्न सुटेल, असे आम्हाला अनेकदा सांगितले जाते. धुराचा प्रश्न त्यांनी नक्कीच हलका होईल. टायर मात्र त्यांनाही आहेत, आणि बॅटरीच्या वजनामुळे या गाड्या तशाच आकाराच्या पेट्रोलच्या गाडीपेक्षा सहसा जड असतात.

या सगळ्यात विष नेमके कुठे असते, हे समजून घेतल्याशिवाय आमच्या मागण्या समजणार नाहीत. १९७२ साली जेम्स सार्टर आणि गेल बॉइड यांनी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेसाठी केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी वेगवेगळ्या शहरांतल्या रस्त्यांवरची धूळ गोळा केली, चाळली आणि तपासली. ४३ मायक्रॉनपेक्षा बारीक कण वजनाने एकूण धुळीच्या ६ टक्क्यांच्या आसपास भरले, पण जड धातूंचा निम्म्याहून अधिक वाटा या कणांवर होता. कण जितका लहान, तितका त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग मोठा, आणि धातू व तेल पृष्ठभागालाच धरून राहतात. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. झाडणारे यंत्र एकूण धुळीतली निम्म्याच्या आसपास धूळ उचलत होते, पण या सर्वांत बारीक कणांपैकी जेमतेम १५ टक्के. खडे आणि वाळू गेली, रस्ता डोळ्यांना स्वच्छ दिसला, आणि जे उचलायला हवे होते ते जागच्या जागी राहिले. या अभ्यासाला पन्नासहून अधिक वर्षे झाली. तरीही आपल्याकडे झाडकामाचा दर्जा आजही डोळ्यांनीच ठरवला जातो.

आणि ही धूळ असते कुठे? रस्त्याच्या मध्यावर ती टिकत नाही. सुपात पाखडावे तशी वाहने तिला दोन्ही बाजूंना फेकत राहतात. पदपथाच्या आणि दुभाजकाच्या दगडाशी, वीतभर रुंदीच्या पट्ट्यात तिचा सर्वांत मोठा भाग सापडतो. सगळा रस्ता धुण्याची गरज नाही. ही कड सांभाळायची आहे.

ती कड पावसात कशी रिकामी होते, याचा हिशेब कुणालाही घरी करता येईल. एक किलोमीटर लांब आणि दहा मीटर रुंद रस्ता घ्या. त्यावर दहा मिलिमीटर पाऊस पडला की एक लाख लिटर पाणी होते. मातीवर पडले असते तर त्यातले बरेचसे मुरले असते. डांबरावर आणि काँक्रीटवर सुरुवातीचे थोडे पाणी खळग्यांत अडते, उरलेले पातळ थराने कडेकडे सरकू लागते. थेंबांच्या माराने धूळ सुटते. जाड वाळू घरंगळत जाळीपर्यंत येते आणि चेंबरच्या तळाशी बसते. बारीक कण बसत नाहीत, ते पाण्याबरोबर पुढे जातात. जस्ताचा काही भाग तर कणाला सोडून पाण्यातच विरघळतो आणि मग कुठल्याही जाळीला, कुठल्याही गाळणीला सापडत नाही. माशाच्या कल्ल्यांना इजा करणारे जस्त प्रामुख्याने हे विरघळलेलेच असते. पाऊस हलका असेल तर काही गाळ वाहिनीतच मुक्काम करतो, पुढच्या जोराच्या सरीत उचलला जातो. म्हणजे रस्त्याखाली आणखी एक साठा तयार होतो, जो वर्षानुवर्षे कुणी पाहिलेलाही नसतो.

वाहिन्यांमधून हे पाणी ओढ्यांमध्ये पडते: कात्रजकडून येणारा आंबील ओढा, पेठांतून जाणारी नागझरी, माणिक नाला, भैरोबा नाला, बावधन-पाषाणकडून येणारी रामनदी. तिथे ते मैलापाण्यात मिसळते. पुढे नदीत जिथे पाणी संथ होते, बंडगार्डनच्या बंधाऱ्यामागे किंवा पुलांच्या खांबांआड, तिथे गाळ बसतो. तळाच्या काळ्या, प्राणवायू नसलेल्या गाळात धातू बऱ्यापैकी बांधलेले राहतात. पूर आला किंवा कुणी तो गाळ यंत्राने उपसला की पुन्हा मोकळे होतात.

आता वळवाबद्दल, कारण आमच्या चळवळीचे सगळे वेळापत्रक त्याच्यावर बेतलेले आहे. परतीचा पाऊस ऑक्टोबरमध्ये आटोपला की पुण्याचे रस्ते पुढचे कित्येक महिने जवळपास कोरडे असतात. या काळात धूळ फक्त साचत नाही, ती चाकांखाली दळली जाते. दिवाळीत जाड असलेला कण शिमग्यापर्यंत बारीक झालेला असतो. मग एप्रिल-मे महिन्यांत, एखाद्या तापलेल्या दुपारनंतर, वळीव येतो. त्याची सर आखूड असते पण आडवी आणि जोरदार असते, आणि मुरवून घेणारे काही नसल्यामुळे अर्ध्या तासात गटारे भरून वाहतात. या पहिल्या लोंढ्यात जेवढी घाण असते, तेवढी जुलैच्या संततधारेत नसते. जुलैतले पाणी धुतलेल्या रस्त्यावरून आलेले असते.

आणि हा लोंढा नदीत पोचतो तेव्हा नदीची अवस्था काय असते? खडकवासल्याचे पाणी त्या दिवसांत पिण्यासाठी आणि कालव्यासाठी राखलेले असते. नदीपात्रात विसर्ग सुरू होतो तो धरणे भरत आल्यावर, बहुधा जुलैपासून पुढे. म्हणजे वर्षातले सर्वांत गढूळ आणि विषारी पाणी नदीला नेमके तेव्हा मिळते, जेव्हा ते पातळ करायला तिच्याकडे स्वतःचे पाणी नसते. पहिल्या पावसानंतर मेलेले मासे तरंगताना दिसले की दोष मैलापाण्यावर आणि तळाच्या ढवळलेल्या गाळावर जातो. तो दोष खराच आहे. रस्त्याचा वाटा मात्र कुणी मोजतच नाही.

रस्त्याचे पाणी एकटे काय करू शकते, हे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात दिसले आहे. सिएटलच्या परिसरातल्या ओढ्यांमध्ये अंडी घालायला परतणारे कोहो सामन मासे पाऊस पडला की काही तासांत मरत होते. अनेक वर्षे शोध चालला. २०२०च्या डिसेंबरमध्ये ‘सायन्स’मध्ये उत्तर प्रसिद्ध झाले: टायर लवकर तडकू नये म्हणून रबरात घालतात त्या ६पीपीडी या रसायनाचा हवेतल्या ओझोनशी संयोग होतो, त्यातून ६पीपीडी-क्विनोन तयार होते आणि तेच या माशांना मारत होते. कोहो सामन आपल्या नदीत नाही, आणि सगळ्या जातींचे मासे या रसायनाला सारखेच बळी पडत नाहीत. पण ६पीपीडी जगभरच्या टायरांमध्ये वापरले जाते. आपल्या नदीत उरलेल्या माशांवर त्याचा काय परिणाम होतो, हे तपासण्याची जबाबदारी आपली आहे.

इथून वाहून गेलेले पुण्यात थांबत नाही. मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसला भीमेला मिळते आणि भीमा उजनीत शिरते. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित पक्षी उतरतात, मच्छीमार होड्या घेऊन जाळी टाकतात, आणि खाली सोलापूर शहर त्याच जलाशयाचे पाणी पिते. दरवर्षी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्काम करून पंढरीला निघतात, साधारण त्याच दिवसांत आपल्या रस्त्यांवरचे पाणीही भीमेच्या वाटेने निघालेले असते. चंद्रभागेत स्नान करणाऱ्या वारकऱ्याचे आपण देणे लागतो. उजनीच्या काठावरच्या गावांनी पुण्याचे पाणी किती वर्षे सोसायचे, हा प्रश्न ती गावे आपल्याला विचारत आली आहेत आणि आपण त्याला उत्तर दिलेले नाही.

धुळीसाठी सरकारी पैसा येत नाही असे नाही. २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, पुणे त्या यादीत आहे, आणि रस्त्यावरची धूळ कमी करण्यासाठी त्यातून खर्च होतो. पण त्या कार्यक्रमात यश मोजले जाते ते हवेतल्या पीएम १० या बारीक कणांवरून. म्हणून टँकरने रस्त्यावर पाणी मारले की काम झाले असे धरले जाते. धूळ बसली, हवेचा आकडा सुधारला. कडेला वाहून जाळीत गेलेल्या पाण्याचा हिशेब हवेच्या खात्यात येत नाही आणि पाण्याच्या खात्यातही येत नाही. ही फट बुजवणे हे आमचे मुख्य राजकीय काम आहे. धूळ हवेतून उतरवून पाण्यात लोटण्याला आम्ही धूळनियंत्रण मानणार नाही.

कायद्यातही हीच फट आहे. १९७४चा जलप्रदूषण कायदा मुख्यतः मैलापाणी आणि कारखान्यांचे सांडपाणी यांच्याभोवती उभा आहे. अमेरिकेने १९८७ साली आपल्या कायद्यात दुरुस्ती करून शहरांच्या पावसाळी गटारांनाही परवान्याच्या कक्षेत आणले. आपल्याकडे पावसाळी गटाराचे तोंड नदीत कुठे उघडते याची यादी मागितली, तरी नागरिकाला माहितीचा अधिकार वापरावा लागतो.

आम्ही काय मागतो ते आता सांगतो. पहिली मागणी मोजणीची आहे, कारण आकड्यांशिवाय बाकी सगळ्या मागण्या हवेत राहतील. ओढे आणि मोठी पावसाळी गटारे जिथे नदीला मिळतात, तिथे पहिल्या तीन पावसांतले पाणी सुरुवातीच्या अर्ध्या तासात, थोड्या थोड्या अंतराने घेतले जावे. त्यातला गाळ, तेल, जस्त, तांबे आणि शिसे तपासले जावे. धातू विरघळलेले किती आणि कणांवरचे किती हे वेगळे नोंदवावे. आणि महापालिकेच्या वार्षिक पर्यावरण सद्यस्थिती अहवालात ते आकडे छापले जावेत. पुण्यात एक खास काळजी घ्यावी लागेल. आपल्या पायाखालच्या बेसाल्टमध्ये तांबे मुळातच बऱ्यापैकी असते. धुळीत तांबे सापडले म्हणजे सगळे ब्रेकचे, असे म्हणता येणार नाही. म्हणून पर्वती आणि वेताळ टेकडीवरची, रस्त्यापासून दूरची माती शेजारी ठेवूनच निष्कर्ष काढले पाहिजेत. खोट्या आकड्यावर उभी राहिलेली चळवळ आम्हाला नको आहे.

दुसरी मागणी वेळेची. मार्चच्या मध्यापासून वळवापर्यंत शहरातल्या मुख्य रस्त्यांची कड बारीक धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रांनी साफ व्हावी. अमेरिकेत नंतर झालेल्या काही पाहण्यांत झाडण्याचा पाण्याच्या गुणवत्तेवर फारसा फरक दिसला नव्हता, हे आम्हाला माहीत आहे. पण तिथल्या अनेक शहरांत दर आठवड्याला पाऊस येतो आणि झाडू फिरण्याआधीच रस्ता धुतला जातो. आपल्याकडे कोरडे महिने सलग आहेत. इतकी मोठी संधी निसर्गाने दिलेली असताना ती वाया घालवणे आम्हाला मान्य नाही. कडेला गाड्या उभ्या असतात म्हणून यंत्र पोचत नाही, ही अडचण खरी आहे आणि तिचे उत्तर पुण्याच्या रस्त्यांवर पाट्यांच्या रूपाने आधीच लावलेले आहे. पार्किंगच्या पी-१, पी-२ नियमाने सम-विषम तारखांना रस्त्याची एक बाजू रिकामी असायला हवी. नियम पाळला गेला तर त्या दिवशी त्या बाजूची कड मोकळी मिळेल.

राडारोडा वाहणाऱ्या प्रत्येक डंपरवर ताडपत्री हवी, बांधकामाच्या फाटकावर चाके धुण्याची आणि ते पाणी आतच निवळण्याची सोय हवी. नालेसफाईत काढलेला गाळ काठावर ढीग करून ठेवू नये, त्याच दिवशी उचलावा. काठावरचा ढीग पहिल्या सरीत परत नाल्यात जातो. नव्या काँक्रीटच्या रस्त्यांवर झाडांची आळी पदपथाच्या पातळीपेक्षा खाली घ्यावीत आणि कडेच्या दगडात खाच ठेवावी, म्हणजे रस्त्याचे पाणी आधी मातीत थांबेल आणि बारीक कण तिथेच राहतील. ती माती काही वर्षांनी बदलावी लागेल. तो खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा. ओढ्यांवर स्लॅब टाकून ते झाकणे थांबवावे, कारण जो ओढा दिसत नाही त्याच्या पाण्याचा नमुनाही कुणी घेत नाही.

वाहनांच्या कारखान्यांशीही आम्हाला बोलायचे आहे. कॅलिफोर्नियाने २०१० साली कायदा करून ब्रेक पॅडमधले तांबे टप्प्याटप्प्याने उतरवत २०२५पर्यंत ०.५ टक्क्याच्या खाली आणायला लावले. तांब्याशिवायचे पॅड बनवता येतात, हे त्यातून सिद्ध झाले आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा देशातला वाहन उद्योगाचा मोठा पट्टा आहे आणि वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था याच शहरातल्या टेकडीवर आहे. टायर आणि ब्रेकच्या झिजेची चाचणी आणि मर्यादा यांची मागणी पुण्यातून उठली, तर ती देशभर ऐकू जाईल.

झाडणकामगारांबद्दल आमची भूमिका सुरुवातीलाच स्पष्ट असावी. जाळीत कचरा लोटला म्हणून त्यांना बोल लावणे सोपे आहे. त्यांच्याकडे गाळ भरायला नीट ढकलगाडी नसते, तो टाकायला आरोग्य कोठीजवळ जागा नसते, आणि काम मात्र लांबीवर मोजले जाते. शहराच्या रस्त्यांवरची सर्वांत विषारी धूळ पहाटेपासून त्यांच्याच श्वासात जाते. चांगले मुखपट्टे, हातमोजे, फुप्फुसांची नियमित तपासणी आणि गोळा झालेल्या धुळीसाठी बंद, छप्पर असलेली जागा, या मागण्या आमच्या यादीत नदीच्या मागण्यांच्या बरोबरीने आहेत. ती धूळ खतात मिसळू नये आणि भरावासाठी वापरण्याआधी तपासली जावी.

आणि आम्ही काय मागणार नाही, तेही लिहून ठेवतो. ओढ्याकाठच्या वस्त्या प्रदूषणाच्या नावाखाली हलवा, अशी मागणी या चळवळीच्या तोंडून कधीही येणार नाही. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबील ओढ्याचे पाणी घरांत शिरले तेव्हा माणसे गेली, संसार वाहून गेले. ओढ्याचा मार या वस्त्या सोसतात, धुळीतला त्यांचा वाटा मात्र थोडा आहे. रस्त्याच्या धुळीतले जस्त आणि तांबे ज्यांच्याकडे गाड्या आहेत त्यांच्याकडून येते, आणि ज्याच्या गाड्या जास्त त्याचा वाटा जास्त. खर्चाची विभागणीही त्याच मापाने व्हावी.

सभासदत्वाची वर्गणी नाही. गॅरेजवाल्यांनी यावे, कारण जळके ऑइल गटारात न ओतता साठवून योग्य ठिकाणी देण्याची व्यवस्था त्यांच्याशिवाय उभी राहणार नाही. रिक्षाचालकांनी, महाविद्यालयांतल्या रसायनशास्त्राच्या आणि भूगोलाच्या शिक्षकांनी यावे. सोसायट्यांनी गाड्या पाइपाने धुणे थांबवून यावे. भिगवणच्या मच्छीमारांना आणि सोलापूरच्या नागरिकांना या चळवळीत पाहुणे म्हणून बोलावण्याऐवजी निर्णयात बरोबरीची जागा असेल.

पहिले काम येत्या मार्चमध्ये सुरू होईल. प्रत्येक गटाने आपल्या भागातले तीन रस्ते निवडायचे: एक गल्ली, एक बसमार्ग आणि सिग्नलच्या अलीकडचा एक टप्पा. रविवारी सकाळी रहदारी कमी असताना, प्रौढ व्यक्तींनीच, मुखपट्टी लावून, एकाने वाहनांकडे लक्ष ठेवत, कडेच्या दगडालगतचा एक मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद पट्टा खडूने आखायचा. तो मऊ ब्रशने दगडाकडून बाहेरच्या दिशेला सावकाश झाडायचा, धूळ उडू द्यायची नाही. जमलेली सगळी धूळ जाड कागदी पाकिटात भरायची. खडे, पाने काही काढून टाकायचे नाही, चाळणी नंतर एकाच ठिकाणी होईल. नमुना ओला झाला तर तो बाद धरायचा. पाकिटावर रस्त्याचे नाव, जवळच्या चौकाची खूण, तारीख आणि त्या भागात शेवटचा पाऊस कधी पडला ते लिहायचे. पेन्सिलीने लिहायचे, शाई ओल लागली की पसरते.